नळी मोकळी

पहिली चिंधी काळी निघाली. दुसरीही काळी. तिसरीवर काळ्या तेलातून शिशाचे करडे, चकाकते कण दिसू लागले, तेव्हा इम्तियाजभाईंनी ती गजाच्या टोकावरून चिमट्याने सोडवली, खिडकीच्या उजेडात धरली आणि वैद्याने रुग्णाची जीभ पाहावी तशा अलिप्त लक्षाने तिच्याकडे पाहिले.

"शेवटची कधी साफ केली होती?"

"बावीस बोअरच्या पिस्तुलाची नळी आमच्याकडे घासत नाहीत," दिगंबरराव म्हणाले. "शिशाचा थर एकदा बसला की नळी स्थिरावते. संस्थेचा पहिल्यापासूनचा दंडक आहे तो."

"दंडक ठीक आहे, सर. रोज घासू नये, एवढाच त्याचा अर्थ. कधी आत डोकावूच नये, असं कुठं लिहिलंय?"

दिगंबरराव हसले नाहीत. बोहरी आळीमागच्या गल्लीत, लोखंडी जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या या दुरुस्तीच्या खोलीत त्यांना कारागिरापेक्षा ठेंगण्या स्टुलावर बसावे लागले होते, आणि बहात्तराव्या वर्षी त्यांचे गुडघे असल्या विषमतेबद्दल फार हळवे झाले होते. इतर विषमतांबद्दलचा त्यांचा हळवेपणा निबंध लिहिण्यापुरता होता. त्यांनी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांचे पुरावे नाकारण्यात घालवली. मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज एकही विधान मान्य करायचे नाही, हे त्यांचे तत्त्व शहरात इतके ख्यात होते, की तरुण संशोधक त्यांच्या दारावरची घंटा वाजवण्याआधी जिन्यात थांबून दम घेत. याच काळात ते शनिवार पेठेतल्या एका जुन्या नेमबाजी संस्थेचे मानद चिटणीसही होते, आणि ते पद अजूनही त्यांच्याकडेच होते. संस्थेच्या नोंदवह्यांतले त्यांचे मोत्यासारखे अक्षर आजही पाहुण्यांना दाखवले जाई.

टेबलावरच्या हिरव्या बनातीवर पिस्तूल सुटे करून ठेवले होते. मुठीचे अक्रोडी लाकूड, पोलादाचा सांगाडा, बाजूला काढलेली नळी. या जातीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी टोपी नसते. ठिणगी घेणारे द्रव्य बुडाच्या कडेच्या घडीत भरलेले असते, आणि घोड्याचा घाव मध्यावर न बसता कडेवर बसतो. इम्तियाजभाईंनी भिंगातून त्या कडेची जागा पाहिली, टोचणीने थोडा मळ काढला, बोटावर चोळला.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू असेल. दसऱ्याला पूजा होते."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"वापर?"

"वापर फारसा नाही. पंधरा वर्षांत जवळजवळ नाहीच."

"म्हणजे पूजाच," इम्तियाजभाई म्हणाले आणि पितळी ब्रश गजावर चढवला.

हे पिस्तूल आज कपाटातून बाहेर निघण्याचे कारण मोठे मंगल होते. संस्थेला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती, आणि आपल्या जुन्या सदस्यांपैकी एक मुलगी आता उपजिल्हाधिकारी आहे, असा शोध कार्यकारिणीला लागला होता. संस्थेच्या जागेचा करार संपत आला असल्यामुळे शोध वेळेवर लागला, असे म्हणायला हरकत नव्हती. ठरले असे, की चैतालीताईंचा सत्कार करायचा, आणि व्यासपीठावर काचेच्या पेटीत हे पिस्तूल ठेवून खाली पितळी पाटी लावायची: 'याच शस्त्रावर त्या घडल्या.' निमंत्रणाचे पत्र दिगंबररावांनीच लिहिले. पंधरा वर्षांपूर्वी जिला ते 'ए' म्हणून हाक मारीत, तिला त्या पत्रात अकरा वेळा 'आपण' म्हटले होते.

उत्तर चार ओळींचे आले. सत्काराबद्दल आभार. ते पिस्तूल माझ्या नावाखाली ठेवणार असाल, तर आधी त्याची नळी परवानाधारक कारागिराकडून साफ करून तपासून घ्यावी. अहवालावर चिटणिसांची सही असावी. शनिवारी दुपारी बारा वाजता मी स्वतः फोन करीन.

कार्यकारिणीने पत्राचे कौतुक केले. पदावर गेले की माणूस कसा काटेकोर होतो, असे एक सदस्य म्हणाले. दिगंबररावांनी ते पत्र घरी नेऊन तीनदा वाचले, आणि त्या रात्री जेवणात मीठ नाही हे त्यांच्या लक्षात आले नाही.

ब्रश आत-बाहेर झाला. पुन्हा चिंध्या. त्या करड्या होत गेल्या, मग पिवळट. इम्तियाजभाईंनी शेवटी एक जाडसर चिंधी निवडली, तेलात बुडवून पिळली आणि गजाने मागच्या बाजूने आत सारली. गज हळूहळू पुढे सरकत होता. तोंडाजवळ आल्यावर ते थांबले. गज थोडा मागे घेतला. पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

"सर, हात द्या जरा."

"मी?"

"तुम्हीच. सही तुमची आहे ना अहवालावर?"

दिगंबररावांनी गजाची मूठ धरली. चिंधी नळीत घट्ट बसली होती. ढकलताना मनगटाला जोर लागत होता, आणि तो जोर सगळीकडे सारखा होता. मग एका जागी, क्षणभर, तो नाहीसा झाला. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा, तसे काहीतरी मनगटात झाले. पुढच्याच क्षणी चिंधी पुन्हा घट्ट.

"काय लागलं?"

"काही विशेष नाही."

"परत करा."

त्यांनी परत केले. ती जागा तिथेच होती.

"एका ठिकाणी सैल लागतं," दिगंबरराव म्हणाले.

इम्तियाजभाईंनी गज काढून घेतला, पांढऱ्या कागदाचा कपटा मागच्या तोंडाशी तिरका धरला आणि नळी डोळ्याला लावून खिडकीकडे वळले. नळी बोटांत हळूहळू फिरवत त्यांनी आत पाहिले. खाली गल्लीत कुणीतरी पत्र्याचे डबे हातगाडीवर चढवत होते.

"कडं पडलंय," ते म्हणाले. "तोंडापासून दोन बोटं आत. सगळीकडून सारखं फुगलंय, अंगठीसारखं."

"गंज असेल."

"गंज खातो, सर. फुगवत नाही. नळी फुगते ती आत काहीतरी अडकलेलं असताना मागून गोळी आली की. चिखल, चिंधी, कापूस. मऊ वस्तू आहे म्हणून काय होणार, असं लोकांना वाटतं. पण गोळी काही विचारून येत नाही."

"आणि मग नेम?"

"गोळीची पकड इथं सुटते आणि पुढं परत बसते. शिवाय या खाचेत शिसं साठत जातं. चार गोळ्या नीट जातील, पाचवी कुठंतरी भलतीकडे. वाईट काय, तर मारणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं, आपलाच हात हलला." त्यांनी नळी बनातीवर ठेवली. "कधी काही अडकलं होतं का यात?"

"माझ्या माहितीत नाही," दिगंबरराव म्हणाले.

वाक्य निर्दोष होते. विद्यार्थ्याच्या प्रबंधात असे वाक्य आढळले असते, तर दिगंबररावांनी त्याच्या समासात तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढले असते.

इम्तियाजभाईंनी मान हलवली आणि हात धुवायला कोपऱ्यातल्या मोरीकडे गेले. साबणाचा फेस कोपरापर्यंत चढवून ते सावकाश हात धूत राहिले. तेवढा वेळ दिगंबरराव नळीबरोबर एकटे होते.

दसऱ्याला संस्थेत सगळी शस्त्रे लाल कापडावर मांडली जात. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुले. कुंकवाची पूड आणि तांदळाचे दाणे नळीत जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक नळीच्या तोंडात कापसाचा बोळा बसवायचा, आणि संध्याकाळी तो ज्याचा त्याने काढायचा. नियम दिगंबररावांनीच घातला होता. शस्त्राशी नेमबाजाचे नाते राहते, असे ते सांगत.

त्या वर्षी चैतालीने आठ दिवस आधी सांगितले होते, की दसऱ्याला ती येऊ शकणार नाही. तिच्या घरी तो दिवस धम्मदीक्षेचा. सगळे पांढरे कपडे घालून विहारात जात. सतरा वर्षांची मुलगी होती, आणि परवानगी मागत नव्हती, कळवत होती. दिगंबररावांना बहुधा तेच खटकले.

"सणाला सुट्टी मागणारी नेमबाज मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले होते.

"आमचाही सणच आहे, सर," ती म्हणाली होती.

तेव्हा तिच्या पिस्तुलाची पूजा त्यांनी केली. बोळाही त्यांनीच बसवला. तो काडीने दाबताना जरा जास्त आत गेला. संध्याकाळी एकेक जण आपापला बोळा चिमट्याने काढून गेला आणि कापडावर एकच पिस्तूल उरले. चिमटा दिगंबररावांच्या हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला. ज्याचा त्याने. उद्या सकाळी निवड चाचणी. तपासणीत चार लोकांसमोर तिच्या नळीतून कुंकवाचा बोळा निघेल आणि काय चुकले ते तिला न सांगता कळेल, असा विचार त्यांच्या मनात आला होता. त्यांनी पेटीचे झाकण लावले.

सकाळी पाहुणे आले, अध्यक्ष आले, चहा आला. फायरिंग लाइनवर जाण्याआधी चिटणिसाने प्रत्येक नेमबाजाला विचारायचे, "नळी मोकळी?" त्याने "मोकळी" म्हणायचे, आणि मग चिटणिसाने स्वतः आत पाहून नोंद करायची, अशी रीत होती. त्या सकाळी दिगंबररावांनी कपबशी डाव्या हातात धरून अकरा नावांपुढे अकरा वेळा 'नळी मोकळी' असे लिहिले. विचारले कुणालाच नाही, पाहिले एकाही नळीत नाही. अक्षर उत्तम आले होते.

चैतालीच्या पहिल्या गोळीचा आवाज दबका आला. तिने पिस्तूल खाली टेकवून बिघाडाची खूण म्हणून डावा हात वर केला.

"हात खाली. वेळ चालू आहे," ते म्हणाले होते.

पुढच्या गोळ्या कागदभर पसरल्या. चाचणी संपल्यावर तिचे वडील सीताराम त्यांच्याकडे आले. ते स्वारगेटला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते.

"सर, पहिला आवाज बरोबर नव्हता. नळी एकदा बघू या का? मला थोडं कळतं त्यातलं."

"सीताराम, हे एसटीचं सायलेन्सर नाही," दिगंबरराव म्हणाले होते, आणि अध्यक्ष चहा सांडेपर्यंत हसले होते.

अहवाल त्यांनी त्याच दुपारी लिहिला. मानसिक तयारी अपुरी. शस्त्राविषयी संस्कारांचा अभाव. पुढील निवडीसाठी विचार करू नये. मुलगी पुन्हा संस्थेत आली नाही. पिस्तूल कपाटात गेले. बोळ्याचे आपण विसरलो, असे दिगंबररावांनी स्वतःला सांगितले, आणि 'विसरलो' या एका शब्दावर पंधरा वर्षे काढली. इतक्या तुटपुंज्या आधारावर त्यांनी दुसऱ्या कुणाला पंधरा ओळीही लिहू दिल्या नसत्या.

इम्तियाजभाई हात पुसत आले, चष्मा बदलला आणि छापील पॅड पुढे ओढले. लिहिताना ते प्रत्येक शब्द पुटपुटत होते.

"नळी साफ केली. तोंडापासून दोन बोटांवर वर्तुळाकार फुगवटा. वापरास अयोग्य." पेन थांबले. "दोषाचं कारण. एक ओळ आहे इथं. काय लिहू?"

"सांगता येत नाही, असं लिहा."

"मला तर सांगता येतं."

"काय अडकलं, केव्हा अडकलं, हे तुम्हाला माहीत आहे?"

"ते नाही."

"मग सांगता येत नाही."

इम्तियाजभाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "वादात तुमच्याशी कोण जिंकणार, सर," असे म्हणून त्यांनी ती ओळ लिहिली आणि सहीच्या जागेवर बोट ठेवले. दिगंबररावांनी खिशातले पेन काढले, टोपण उघडले. तेवढ्यात फोन वाजला. बारा वाजले होते.

"नमस्कार सर. चैताली बोलतेय."

"नमस्कार, नमस्कार. आपल्याच फोनची वाट बघत होतो."

"साफ झालं?"

"झालं. अहवाल तयार आहे. किरकोळ दोष आहे, वयोमानाप्रमाणे. आपण आलात की समक्ष..."

"अहवाल मी वाचीन. त्याआधी एकच विचारायचं होतं."

"विचारा ना."

 मग तिचा आवाज बदलला. ओरडून नाही, पण मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जावा अशा सपाट, सरळ सुरात म्हणाली:

"नळी मोकळी?"

उत्तर दिगंबररावांच्या जिभेवर तयार होते. ते खरेही होते. आत्ताच त्यांच्या डोळ्यांसमोर ती घासून, पुसून, तेल लावून मोकळी केली होती. परवानाधारक साक्षीदार समोर बसला होता. एक शब्द पुरेसा होता, आणि तो शब्द त्यांनी अकरा वेळा लिहिलेला होता.

"थांबा," ते म्हणाले. "बघून सांगतो."

फोन बंद न करता त्यांनी तो बनातीवर ठेवला. नळी उचलली. इम्तियाजभाईंनी न सांगता कागदाचा कपटा मागच्या तोंडाशी धरला. दिगंबररावांनी एक डोळा मिटला. आत पोलादाचे पीळ उजेडात लखलखत लांबवर गेले होते, आणि जवळच, तोंडापाशी, ते सगळे एका काळसर कड्यापाशी तुटून पुढे पुन्हा सुरू झाले होते. पाहण्यासारखे तेवढेच होते. ते त्याहून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी फोन उचलला.

"आज मोकळी आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी नव्हती. दसऱ्याचा बोळा आत राहिला होता. मी न बघता सही केली."

पलीकडे दूर कुणीतरी तिला "मॅडम, गाडी लागलीय" असे म्हणत होते.

"राहिला नव्हता," दिगंबरराव म्हणाले. "मी ठेवला होता."

"बोळा बाबांकडे आहे," ती म्हणाली. "फायरिंग लाइनच्या पुढं पडला होता. तुमच्याशी बोलून परत जाताना त्यांनी उचलला. जळलाय, पण कुंकू दिसतं त्याच्यावर. कात्रजच्या घरी आहे, कपाटात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर दिगंबररावांना ते ऐकू आले.

"नळी बघू या म्हणायला आले होते की बाबा," ती म्हणाली. "तुम्ही सायलेन्सरचं काहीतरी म्हणालात." मग तिचा आवाज पुन्हा कचेरीतला झाला. "अहवाल पाठवून द्या, सर. ठेवते."

फोनवरचा उजेड विझला. दिगंबररावांच्या उजव्या हातात अजून नळी होती, आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना ठरवता येत नव्हते. इम्तियाजभाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, कापडात गुंडाळली. मग त्यांनी पॅड पुढे ओढले, आपण लिहिलेल्या शेवटच्या ओळीवर फूटपट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली, शेजारी आपली आद्याक्षरे घातली आणि पॅड फिरवून दिगंबररावांपुढे सरकवले.

"हे तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "अक्षर चांगलं आहे तुमचं."

दिगंबररावांनी पेन टेकवले. कागदावर शाईचा एक ठिपका उमटला आणि हळूहळू मोठा होत गेला.

"एका ओळीत मावणार नाही," ते म्हणाले.

इम्तियाजभाईंनी टेबलावरचा दिवा लावला आणि त्यांच्या बाजूला वळवला.

"मागची बाजू कोरी आहे, सर."